पुरे पुस्तक ऐकलेला माणूस

प्राध्यापक करीम यांनी आपल्या आत्मकथनात वेंकटस्वामी रावांना अडीच ओळी दिल्या आहेत. "शेजारचे एक अर्धवट बहिरे, निवृत्त पोस्टमन राव चहाच्या आशेने आमच्या वाचनाला येऊन बसत आणि पहिल्या पानातच डुलक्या घेऊ लागत."

अडीच ओळींत चार चुका. राव बहिरे नव्हते. त्यांच्याइतका तीक्ष्ण कान मी दुसऱ्या कुणाचा पाहिला नाही आणि त्याचा फटका मला स्वतःला बसला आहे. ते पोस्टमन नव्हते. रेल्वेच्या टपाल डब्यात तीस वर्षे उभ्याने पत्रांची वर्गवारी करणारे सॉर्टर होते आणि कुणी पोस्टमन म्हटले तर दोन दिवस त्या माणसाशी बोलत नसत. चहा त्यांनी उभ्या जन्मात घेतला नाही. मद्रासच्या जुन्या रहिवाशाला चहाची लालूच दाखवता येते असे मानणारा गृहस्थ मद्रासमध्ये पाच वर्षे राहून काय शिकला, हा प्रश्न मी वाचकांवर सोडतो. आणि डुलक्यांचे म्हणाल तर त्या दोन होत्या. दोनच. त्यांची लेखी नोंद आहे.

करीम हयात आहेत, म्हणून हे लिहितो आहे. मेलेल्या माणसाशी भांडण्यात मौज नसते.

आधी माझे थोडके सांगून टाकतो. अरबी शिकायला लोक कैरोला जातात, दमास्कसला जातात; मी मद्रासला गेलो. मिरजेत जुन्या कागदांतले अरबी शब्द उलगडता उलगडता मला त्या भाषेचा नाद लागला आणि एक शिष्यवृत्ती मिळाली. आमच्या मंडळींच्या लेखी मद्रास हा परदेशच होता. माझा मामा स्टेशनावर अशा चेहऱ्याने उभा होता, की आता जहाज सुटणार. त्याचे फारसे चुकले नव्हते. तिथे मला भाषा कळेना, पाटी वाचता येईना. पहिल्या जेवणात पानावर वाढलेले रसम आमटी समजून मी चमचा मागितला, तेव्हा सगळी पंगत हात थांबवून माझ्याकडे पाहू लागली. अरबी शिकण्याआधी मला केळीच्या पानावरून पळणारे रसम हाताने थोपवायला शिकावे लागले. अरबी त्या मानाने सोपी.

ट्रिप्लिकेनच्या एका गल्लीत रावांच्या घराच्या माडीवर मला खोली मिळाली, ती मराठी माणसाला मराठी माणूस म्हणून. राव तंजावरकडचे. त्यांची मराठी तीन शतकांपूर्वी दक्षिणेत उतरली ती तिथेच थांबली होती, आणि तिला तमिळचा हेल चढला होता. माझे बोलणे ऐकून त्यांनी पहिल्याच दिवशी निकाल दिला : "तुम्हीं मराठी बरी बोलतां. थोडी बिघडली आहे, पण कळते."

त्यांनी मला माझ्या नावाने एकदाही हाक मारली नाही. ते मला 'मिरज' म्हणत. करीम कडप्प्याचे, म्हणून ते 'कडप्पा'. समोरच्या घरातले आमचे मौलवीसाहेब मूळचे वेल्लूरचे, त्यांचा उल्लेख 'वेल्लूर'. तीस वर्षे पाकिटांवरची नावे सोडून गावे तेवढी वाचल्यामुळे माणसाची ती एकच ओळ महत्त्वाची असते, अशी त्यांची धारणा झाली होती. सख्ख्या जावयाला ते 'कुंभकोणम' म्हणत. त्याची बदली झाली तेव्हा मोठा घोटाळा झाला.

आता वाचनाविषयी सांगायला हवे. कॉलेजातली पदवी वेगळी. खरी विद्या पहाटेची, मौलवीसाहेबांच्या ओसरीवरची. जुनी रीत अशी, की गुरूसमोर सबंध पुस्तक मोठ्याने वाचायचे, एकही ओळ न गाळता. मग गुरू सनद लिहून देतो, की ह्याने हे पुस्तक माझ्याकडून घेतले, मी अमक्याकडून घेतले, त्याने तमक्याकडून, असे मागे मागे मूळ लेखकापर्यंत. ह्या साखळीशिवाय त्या पुस्तकाचा अधिकार नाही. आणि वाचनाला जो जो हजर असेल त्याचे नाव वहीत चढवायचे. कोण उशिरा आला, कोण बोलत बसला, कोण झोपला, सगळे लिहायचे. जो जेवढे ऐकेल तेवढेच त्याचे. ऐकणाऱ्याला कळले की नाही, हा प्रश्न त्या रीतीत विचारलाच जात नाही. कानावरून गेले, एवढे पुरे.

आमचे पुस्तक पत्रलेखनाचे होते : राजाला कसे लिहावे, मित्राची क्षमा कशी मागावी, असल्या पत्रांचे यमकबद्ध नमुने. विद्यार्थी दोघे, करीम आणि मी.

राव तिथे भांडायला आले होते. ही गोष्ट करीमांना पक्की ठाऊक आहे, कारण तेव्हा वाचत तेच होते. वाचनाचा चौथा-पाचवा दिवस. उजाडत होते. राव उपरणे सावरत गल्ली ओलांडून आले आणि तमिळमध्ये कडाडले, की सरकारी नोकरीतून सुटलेल्या माणसाला ह्या गल्लीत झोपेचा हक्क आहे की नाही? मौलवीसाहेबांनी मान वर केली नाही. हातानेच खूण केली : बसा, पान पुरे होऊ द्या. राव बसले. पान संपले. मौलवीसाहेबांनी वही ओढली आणि विचारले, "नाव?"

"कशाला नाव?"

"तुम्ही अर्धे पान ऐकले आहे. लिहावे लागेल."

रावांनी मांडी नीट घातली. मग नाव, वडिलांचे नाव आणि गाव सांगितले. दुसऱ्या पहाटे आम्ही पोचण्याआधी ते ओसरीवर बसलेले.

"राव, आज पुन्हा तक्रार?" मी विचारले.

"तक्रार कसली? मस्टरांत नाव लागलें कीं रजा नाहीं." तीस वर्षांत त्यांनी एक दिवस बिनपगारी घेतला नव्हता. त्यांनी मौलवीसाहेबांकडे मागणी केली, की मागच्या दिवसांचे मलाही ऐकवा, अर्धवट मस्टर मी ठेवत नाही. मौलवीसाहेबांनी आम्हाला घोटून घ्यायला मिळालेली ही संधी सोडली नाही. करीमांना आणि मला सुरुवातीपासून सगळे पुन्हा वाचावे लागले, एका अशा माणसासाठी ज्याला अरबीतले 'हो' आणि 'नाही' माहीत नव्हते.

त्या दिवसापासून पावणेदोन वर्षे राव गैरहजर राहिले नाहीत. थोरल्या मुलीला पाहायला मंडळी आली तीही अशाच एका पहाटे, कुंभकोणमहून गाडी लवकर पोचली म्हणून. रावांच्या पत्नीने, आम्ही त्यांना मामी म्हणत असू, दारातून हाका मारल्या. राव हलले नाहीत. पान संपल्यावरच ते घरी गेले आणि मीही मागोमाग गेलो, काय होते ते पाहायला. मुलाचे वडील, हिशेबनिसांच्या कचेरीतले मोठे कारकून, तोंड फुगवून बसले होते.

"कोठें होतां?"

"समोर. अरबी ऐकत होतों."

"कळतें?"

"नाहीं."

"मग कशाला?"

"नाव लागलें आहे."

कारकुनांचा चेहरा पालटला. "अस्सें," ते म्हणाले, आणि मुलाकडे वळून, "बघ. घर असें असावें." लग्न तिथेच ठरले. कॉफी अजून यायची होती.

आता त्या दोन डुलक्या. पहिली एका भर उन्हाळ्यात, जेव्हा मद्रासमध्ये पहाटेसुद्धा वारा समुद्राकडून यायचे नाकारतो. मौलवीसाहेबांनी वहीत लिहिले : राव, तिसऱ्या ओळीपासून पाचव्या ओळीपर्यंत झोपले. वहीत काय लिहिले ते रावांनी माझ्याकडून वदवून घेतले आणि ते उसळले.

"मी डोळे मिटलों होतों! ऐकण्यासाठीं!"

"रायर," मौलवीसाहेब रावांना तमिळ धाटणीने हाक मारत म्हणाले, "डोळे मिटलेला माणूस घोरत नाही."

"मी घोरत नाहीं. मामीला विचारा."

मामींना खरोखर विचारले गेले. त्यांनी दारातूनच जो हात हलवला त्यानंतर वाद उरला नाही. त्या तीन ओळी त्यांच्यासाठी पुन्हा वाचल्या गेल्या आणि डुलकीपुढे 'भरून काढले' असा शेरा पडला. दुसऱ्या डुलकीचेही तसेच झाले. करीमांच्या झोपेच्या नोंदी मी मोजल्या नाहीत, सभ्यपणा म्हणून.

आणि आता त्या दोन दिवसांकडे येतो, ज्यांच्याविषयी करीमांनी लिहिले आहे, की 'मौलवीसाहेब आजारी असल्याने वाचन झाले नाही'. मौलवीसाहेब ठणठणीत होते. मद्रासमध्ये कसोटी सामना होता, आणि तिकिटाच्या रांगेत पहाटे चारपासून उभे होतो आम्ही दोघे, करीम माझ्या पुढे. पहिल्या दिवशी तिकीट मिळाले नाही म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. तेव्हाही मिळाले नाही. ही लाज मी आयुष्यभर लपवली. आज करीमांच्या कृपेने ती छापून येते आहे. त्या दोन पहाटे ओसरीवर राव एकटे होते. मौलवीसाहेबांनी काही वेळ वाट पाहिली, मग पुस्तक स्वतः उचलले आणि एकतीस ते चौतीस ही चार पाने एकट्या रावांसमोर वाचली. वाचन थांबत नसते.

आम्हाला वाटले, मौलवीसाहेब म्हातारे आहेत, विसरतील.

पुस्तक पुरे झाले आणि मौलवीसाहेब हजला निघाले. परत येण्याचा त्यांचा विचार दिसत नव्हता. सेंट्रल स्टेशनात मुंबईची गाडी हलता हलता त्यांनी खिडकीतून तीन गुंडाळ्या दिल्या : आम्हा दोघांच्या सनदा आणि रावांची. गाडी नजरेआड झाल्यावर मी माझी उघडली. सुंदर अक्षर, लांबलचक साखळी, माझी थोडी स्तुती. आणि तळाशी एक ओळ, की पाने एकतीस ते चौतीस वगळून, कारण हा तेव्हा गैरहजर होता. ती त्याने वेंकटस्वामी रावांकडून घ्यावीत. करीमांच्या सनदेतही अक्षरशः हीच ओळ होती. आम्ही एकमेकांकडे पाहिले.

रावांनी आपला कागद माझ्यापुढे धरला. "मिरज, माझ्यांत काय लिहिलें तें वाचा."

"तुम्ही पुस्तक पुरे ऐकलेत, असे लिहिले आहे. आरंभापासून अखेरपर्यंत."

"झोपेचें?"

"नाही लिहिले."

"वेल्लूर चांगला मनुष्य आहे," राव म्हणाले. "आणि तुमच्यांत काय?"

"तेच," मी म्हणालो.

हे खोटे मी तीन आठवडे निभावले. ज्याला एक अक्षर कळत नाही अशा माणसासमोर विद्यार्थी म्हणून बसायचे, ही कल्पनाच मला सहन होत नव्हती. मी परीक्षेत पहिला आलो होतो. पण तेवढ्यात उत्तरेकडच्या एका मोठ्या हस्तलिखित संग्रहाचे पत्र आले. तिथे नेमके हेच पुस्तक संपादून छापायचे होते. त्यासाठी माणूस हवा होता, आणि अट एकच, पूर्ण पुस्तकाची सनद. ठरल्या दिवशी हजर व्हायचे. पत्र आम्हा दोघांनाही आले. माझ्या साऱ्या शिक्षणाचे चीज त्या एका जागेत होते. दुसरी तसली जागा देशात नव्हती.

करीमांनी मला त्यांच्या खोलीवर बोलावून आपली सनद दाखवली. तळाची ओळ नव्हती. दाढीच्या पात्याने इतक्या सफाईने खरवडली होती, की कागद उजेडात धरला तरच पातळ दिसे. "तुझीही करून देतो, नाहीतर तूच कर," ते म्हणाले आणि त्यांनी पाते माझ्या खिशात घातले. "कोण विचारणार आहे? तो टपालवाला?" हे वाक्य त्यांनी आत्मकथनात घेतलेले नाही.

मी रावांकडे गेलो. मोठ्या सचोटीने गेलो असे कुणी समजू नये. मला करीमांचे उपकार घ्यायचे नव्हते, इतकेच. स्टेशनावर खोटे बोललो हे मी कबूल केले. राव ऐकत राहिले.

"मला तेव्हांच समजलें होतें," ते म्हणाले.

"मग बोलला का नाहीत?"

"तुमचें मस्टर. मी कां बोलूं?"

त्यांच्या अटी स्पष्ट होत्या. वाचन ओसरीवरच व्हायचे, पहाटेच, आंघोळ करून. मूळ वाचन दोन दिवसांचे, म्हणून हेही दोन दिवसांत. माझी गाडी तिसऱ्या नव्हे, दुसऱ्याच दिवशी सकाळी होती. पहिल्या दिवशी मी दोन पाने वाचली, राव भिंतीला पाठ न टेकता बसून होते. दुसऱ्या दिवशी मामींची पूजा लांबली की कॉफी उशिरा आली, काय ते आठवत नाही. बसायला उशीर झाला. ट्रंक बांधून तयार होती. करीम टांगा घेऊन गल्लीच्या तोंडाशी उभे राहून हाका मारत होते. मी तेहतिसावे पान धावत संपवले आणि चौतिसाव्यावर मधला एक परिच्छेद सरळ उडवला. समोरच्याला काय कळणार?

"थांबा," राव म्हणाले.

मी थांबलो.

"मधला पूल कोठें गेला?"

"कसला पूल?"

"टपालाच्या डब्यांत खिडक्या बंद असत. तीस वर्षें मी गाडी कोठें आली तें चाकांच्या आवाजावरून सांगत होतों. इथें एक पूल आहे. पांच वेळां एकच आवाज येतो, ठक, ठक, ठक. मग वेल्लूर श्वास घेत होता. तो पूल आला नाहीं." ते जरा पुढे झुकले. "मिरज, तुम्हीं गाडी दुसऱ्या रुळांवरून नेली?"

मी पुस्तकात पाहिले. उडवलेल्या परिच्छेदात एकाच यमकाची पाच वाक्ये होती.

"राव, चुकून झाले. आता वाचतो तेवढे."

"नाहीं. आजचें झालें. उद्यां या."

"उद्या? माझी गाडी आहे! तिकडे हजर झालो नाही तर जागा जाईल."

"शरि," राव म्हणाले. तमिळमध्ये त्याचा अर्थ 'ठीक आहे' असा होतो, आणि त्या दिवशी तो शब्द मला जितका लागला तितका दुसरा कुठलाही शब्द लागलेला नाही. "जा कीं मग. तुम्हांला कोण धरतो?"

मला धरले कुणीच नव्हते. तळाची ओळ खरवडायला करीमांचे पाते अजून खिशात होते; गाडीत बसल्यावर दोन मिनिटांचे काम. मी गल्लीच्या तोंडापर्यंत गेलोही. करीम म्हणाले, "चल, चढ. म्हाताऱ्याने पास केले ना?" आणि माझ्या लक्षात आले, की नापास झाल्याचे मला त्यांना सांगावे लागेल किंवा लपवावे लागेल, आणि दोन्हीपैकी एकही मी दिल्लीपर्यंत त्यांच्यासमोर बसून करू शकणार नाही. त्या गाडीत मी पकडला गेलेला माणूस म्हणून चढलो नसतो. ह्याला कुणी सद्गुण म्हणू नये. हा माझा जुना उद्धटपणा आहे आणि आजवर त्यानेच मला सांभाळले आहे. मी ट्रंक खांद्यावर घेऊन परत माडी चढलो.

जागा करीमांना मिळाली. पुस्तक त्यांनी छापले, नाव झाले, त्यांना शाली मिळाल्या. त्यांच्या छापील आवृत्तीत चौतिसाव्या पानाचे काय झाले आहे ते जिज्ञासूंनी स्वतः पाहावे. मी मराठवाड्यातल्या एका कॉलेजात तीस वर्षे शिकवले. माझ्या हातून तेच पुस्तक घेतलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या सनदेत मी साखळी लिहिली, आणि तळाशी न चुकता लिहिले : पाने एकतीस ते चौतीस मी तंजावरच्या वेंकटस्वामी रावांकडून घेतली, त्यांनी ती एकट्याने ऐकली होती. काही मुले हसली. मी त्यांना हसू दिले आणि मग तीच चार पाने दोनदा वाचायला लावली. करीमांना पुरावा हवा असेल तर रावांची स्वतःची सनद त्यांच्या नातवाच्या अण्णा नगरच्या फ्लॅटमध्ये चौकटीत आहे. घरात कुणाला अरबी येत नसल्यामुळे ती उलटी टांगली आहे. पुरावा उलटा टांगला म्हणून खोटा होत नाही.

ती गाडी सोडली त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मी पुन्हा ओसरीवर बसलो. तेहतिसावे पान, मग चौतिसावे. पाच वाक्यांपाशी आलो तेव्हा रावांचे बोट मांडीवर पाचदा हलले आणि मी नकळत श्वास घेतला. पान संपले. त्यांनी माझी सनद घेतली, तळाच्या ओळीखाली मोडीत नाव घातले, वडिलांचे नाव, गाव. तारीख इंग्रजीत, कारण तारीख सरकारी असते. मग कागद परत न देता हातातच ठेवला.

"मिरज, ह्या चार पानांत आहे काय?"

पावणेदोन वर्षांत त्यांनी हा प्रश्न पहिल्यांदा विचारला. मी सांगितले, की एका कवीला सुलतानाने खेचर भेट दिले आहे आणि त्याबद्दलचे हे आभाराचे पत्र आहे. त्यातले दीड पान खेचराच्या कानांचे वर्णन आहे.

"खेचर?"

"खेचर."

"दोन दिवस एकटा मी खेचरासाठीं बसलों होतों?"

"मी तर तीन दिवस बसलो. आणि माझी गाडी गेली."

रावांनी उपरण्याचे टोक तोंडाशी नेले. खांदे हलत होते. हसत होते की खोकत होते ते मला तेव्हाही ठरवता आले नाही. मग एकदम गंभीर झाले.

"पण तें पोंचलें कां?"

"काय?"

"खेचर. राजानें पाठवलें. त्याच्याकडे पोंचलें कां?"

मी म्हणालो, आभाराचे पत्र आहे म्हणजे पोचलेच असणार.

"मग शरि," राव म्हणाले. कागद त्यांनी माझ्या हातात दिला, गुडघ्यावर हात टेकून उठले आणि मामींना कॉफीसाठी हाक मारत गल्ली ओलांडून गेले.